पाच डॉलरचं विद्यापीठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१९९० हे वर्ष आम्हा खानदेशी माणसांच्या चांगलं लक्षात आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं आणि जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठातून वेगळी झाली. तोपर्यंत एखादा दाखला हवा असला की अक्कलकुव्याच्या पोरानं संध्याकाळची एस.टी. धरायची, रात्रभर डुलक्या घेत पुणं गाठायचं आणि काम आटोपून पुन्हा रात्रीच्या गाडीनं परतायचं. कागद मिळायचा, तक्रार नाही. पण दोन दिवस आणि बसभाडं जायचं, शेतातला एक माणूस कमी व्हायचा. म्हणून पुष्कळ जण त्या वाटेला जातच नसत.

याच वर्षी, आपल्या १५ ऑगस्टच्या सुमारे आठ आठवडे आधी, २२ जूनला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं एक कायदा केला. त्या कायद्यानं प्रांताच्या उत्तर भागासाठी एक छोटं सरकारी विद्यापीठ जन्माला आलं. नाव अगदी आपल्यासारखंच सरळ: युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया. उत्तर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. मी इतिहास शिकवत असे, तेव्हा या जोडीचा मला पत्ता नव्हता. पुष्कळ वर्षांनी एका नकाशाच्या पुस्तकात शोधत असताना हे नाव समोर आलं आणि मी थबकलो. मग जे हाती लागलं ते वाचत गेलो. विद्यापीठांचा इतिहास म्हटलं की आपण नालंदा सांगतो, ऑक्सफर्ड सांगतो, १८५७ ची मुंबई-कलकत्ता-मद्रास सांगतो. ज्या मुलखांना विद्यापीठ मिळालंच नाही किंवा फार उशिरा मिळालं, त्यांचा इतिहास सांगायला कोणी बसत नाही.

आधी मुलूख कसा आहे ते पाहू. ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा पश्चिमेकडचा, पॅसिफिकला लागून असलेला प्रांत. एकूण क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिप्पट. माणसांची दाटी मात्र सगळी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, व्हँकूवर आणि व्हिक्टोरिया या शहरांभोवती. विद्यापीठंही तिथंच: १९१५ मध्ये वर्ग सुरू झालेलं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, १९६३ चं व्हिक्टोरिया, १९६५ चं सायमन फ्रेझर. तिन्ही एका कोपऱ्यात. उत्तरेला उरला तो जवळजवळ फ्रान्सएवढा प्रदेश, आणि त्यात माणसं किती, तर तीन लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या धुळे शहरात याहून जास्त माणसं राहतात. या प्रदेशातलं मोठं गाव प्रिन्स जॉर्ज. तिथून व्हँकूवर पावणेआठशे-आठशे किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई-नागपूर इतकं. आणि प्रिन्स जॉर्ज हे मधलं ठिकाण बरं का! तिथून उत्तरेला फोर्ट नेल्सन किंवा पश्चिमेला समुद्रकाठचं प्रिन्स रुपर्ट गाठायचं तर पुन्हा तेवढाच रस्ता, तोही हिवाळ्यात बर्फातून.

प्रिन्स जॉर्ज फ्रेझर आणि निचॅको या नद्यांच्या संगमावर आहे. १८०७ साली सायमन फ्रेझर या व्यापाऱ्यानं तिथं कातड्यांच्या व्यापाराची चौकी उभारली. पण संगमावर माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होती. त्या लोकांचं नाव क्लेटली तेने, आणि या नावाचा अर्थच मुळी 'नद्यांच्या संगमावरचे लोक'. १९११ मध्ये त्यांची जमीन रेल्वे कंपनीनं घेतली. काही घरं रिकामी होईनात, तेव्हा १९१३ मध्ये गाव जाळण्यात आलं. १९१४ मध्ये रेल्वे आली, १९१५ मध्ये त्या जागेवर नवं शहर कायद्यानं स्थापन झालं. मग सॉ मिल आल्या. १९६०च्या दशकात कागदाचा लगदा बनवणाऱ्या मोठ्या गिरण्या आल्या. गिरण्यांना माणसं हवी होती. दूरदूरची माणसं आली, त्यात आपल्याकडची पंजाबी कुटुंबंही होती. पगार चांगला मिळायचा. बारावी झालेला, कधी न झालेलाही, पोरगा गिरणीत लागला की वर्षभरात स्वतःची गाडी घेऊ शकत असे.

म्हणून दक्षिणेतल्या लोकांचा समज असा, की इथल्या माणसांना विद्यापीठ हवंय कशाला? १९८०च्या दशकात उच्च शिक्षणाचं खातं सांभाळणाऱ्या एका मंत्र्यांच्या नावावर एक विधान सांगितलं जातं. त्याचा आशय असा, की तिकडची माणसं बारावीच्या पुढच्या शिक्षणाचा विचारच करत नाहीत. दिवस संपला की ती एकमेकांना विचारतात, आज किती झाडं तोडली आणि खाणीत कसं काय चाललंय. हे विधान उत्तरेत जे झोंबलं ते झोंबलंच. मला तर वाटतं, मंत्र्यांनी ते केलं नसतं तर विद्यापीठ आणखी दहा वर्षं लांबलं असतं. टिंगल झाली की माणूस जेवढा एकजुटीनं उभा राहतो तेवढा आकडेवारीनं राहत नाही.

१९८७ साली प्रिन्स जॉर्जमध्ये 'इंटिरियर युनिव्हर्सिटी सोसायटी' नावाची संस्था निघाली. सरकार अगदीच नाही म्हणत नव्हतं, हेही सांगायला हवं. दोन-चार गावांतल्या कॉलेजांना थोडं वाढवायचं, शेवटच्या वर्षांचे वर्ग तिथं चालवायचे आणि पदवी दक्षिणेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या नावानं द्यायची, अशी एक योजना होती. इतर काही गावांनी ती घेतलीही. प्रिन्स जॉर्जकरांना ती नको होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की अभ्यासक्रम, प्राध्यापक आणि संशोधनाचे विषय ठरवणारी माणसं इथंच राहणारी हवीत. पदवी देणारा आठशे किलोमीटरवर बसला, तर इथल्या जंगलाचा, इथल्या नद्यांचा, इथल्या माणसांच्या दुखण्यांचा अभ्यास त्याच्या यादीत शेवटी येणार.

हट्ट वाटेल, पण त्याला जगात आधार होता. स्वीडननं १९६५ मध्ये उत्तरेकडच्या उमिओला विद्यापीठ काढलं. नॉर्वेनं १९६८ मध्ये निर्णय घेऊन १९७२ मध्ये थेट आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, ट्रॉम्सोला विद्यापीठ उघडलं. तिथं वैद्यकीय शिक्षणावर भर होता, कारण नॉर्वेच्या उत्तर भागात डॉक्टर टिकतच नव्हते. तेव्हाही राजधानीत लोक हसले होते, की इतक्या थंडीत प्राध्यापक जाणार कोण? पुढं पाहणी झाली तेव्हा ट्रॉम्सोत शिकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टर उत्तरेतच राहिलेले आढळले.

सोसायटीनं मग गावोगाव एक अर्ज फिरवला. नुसत्या सहीवर भागणार नव्हतं. सही करणाऱ्यानं पाच डॉलर द्यायचे. ही युक्ती ज्याला सुचली त्याला माणसांची पारख असली पाहिजे. सही फुकट असते, ती आपण गणपतीच्या वर्गणीवाल्यांना टाळण्यासाठीही करून टाकतो. पाच डॉलर खिशातून काढताना मात्र माणूस क्षणभर थांबतो. सोळा हजार माणसं थांबली आणि त्यांनी पैसे दिले. सरळ हिशेब केला तर ऐंशी हजार डॉलर होतात. विद्यापीठ उभारायला ही रक्कम म्हणजे काहीच नव्हे, पुढचे कोट्यवधी डॉलर सरकारनंच घातले. पण तीन लाखांच्या मुलखात सोळा हजार सह्या आणि प्रत्येक सहीमागे पैसे, हे कोणत्याही आमदाराला कळेल असं गणित होतं. लाकूडतोडे होते, गिरणीतले कामगार होते, दुकानदार होते. "किती झाडं तोडली" असं ज्यांच्याविषयी म्हटलं गेलं, तीच ही माणसं. १९९०च्या जूनमध्ये कायदा झाला.

पुढची चार वर्षं तयारीत गेली. ट्रुडो यांच्या मंत्रिमंडळात काम केलेल्या आयोना कँपॅनॉलो पहिल्या कुलपती झाल्या. आपल्या कुलगुरूंसारखं पद तिथं अध्यक्षांचं. ते जेफ्री वेलर यांच्याकडे आलं. काही वर्ग १९९२ मध्येच इकडेतिकडे सुरू झाले होते. शहराच्या कडेला क्रॅनब्रुक हिल नावाच्या टेकडीवर इमारती उठल्या आणि १७ ऑगस्ट १९९४ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना व्हिक्टोरियाला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचं उद्घाटन करायचं होतं, त्यामुळं त्या प्रांतात येणारच होत्या. तरी गावानं त्याचा मान पुरेपूर घेतला. यात नवल नाही, आपणही तेच केलं असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते त्या गोष्टीकडे येतो. विद्यापीठाला बोधचिन्ह लागतं, बोधवाक्य लागतं. कॅनडातल्या जुन्या विद्यापीठांची बोधवाक्यं बहुतेक लॅटिन. आपल्याकडे संस्कृत असतं तसं. या विद्यापीठानं बोधवाक्य घेतलं ते डाकेल भाषेतून. डाकेल म्हणजे त्या प्रदेशातले मूळ रहिवासी. क्लेटली तेने त्यांच्यातलेच. वाक्य तीन शब्दांचं आहे: एन चा हुना. अर्थ, 'तोही जगतो', 'तीही जगते'. कोणी कोणाला फार बोलू लागलं, नावं ठेवू लागलं, की घरातलं वडीलधारं माणूस हे म्हणतं. आपली आजी म्हणते ना, "असू दे रे, त्यालाही जीव आहे," अगदी तसं. व्यासपीठावर ठेवायला संस्कृत-लॅटिन हवं, स्वयंपाकघरातली भाषा कशी चालेल, असं म्हणणारे तिथंही असतीलच. तरी हेच वाक्य राहिलं.

याचं मोल कळायला थोडं मागं जावं लागतं. प्रिन्स जॉर्जच्या पश्चिमेला फ्रेझर लेकच्या काठी लेजॅक नावाची निवासी शाळा होती. १९२२ ते १९७६ ती चालली. सरकारचा पैसा, कॅथलिक मिशनऱ्यांचा कारभार. डाकेल आणि शेजारच्या जमातींची मुलं घरांतून नेऊन तिथं ठेवत; त्यांना त्यांची भाषा बोलायची बंदी असे. १९३७ च्या नववर्षदिनी चार लहान मुलगे शाळेतून निघाले. त्यांना घरी जायचं होतं, नाडले नावाच्या गावी. अंतर फार नव्हतं. अंगावर पुरेसे कपडे नव्हते आणि थंडी कडाक्याची होती. गोठलेल्या तळ्यावर चौघंही मेलेले सापडले, गावाच्या जवळ येऊन.

कायदाही पाहा. १८७६ च्या 'इंडियन अ‍ॅक्ट'मध्ये असं कलम होतं, की मूळ रहिवासी माणसानं विद्यापीठाची पदवी घेतली, डॉक्टर किंवा वकील झाला, की तो कायद्यानं 'इंडियन' राहत नाही. जमातीतलं त्याचं नाव आणि हक्क आपोआप सुटणार. चार वर्षांत, १८८० मध्ये, ही सक्ती निघाली. पण पदवीकडे त्या राज्यानं कसं पाहिलं ते या कलमातून कळतं. शिकायचं असेल तर आपलं माणूसपण कार्यालयाच्या दाराशी काढून ठेवा, मग आत या. ब्रिटिश कोलंबियात या लोकांना प्रांताच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला तो १९४९ साली. आपल्या भारतीय माणसांना तिथं तो मिळाला त्याच्या दोनच वर्षं आधी, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ज्या भाषेसाठी मुलांनी मार खाल्ला, ती भाषा १९९०च्या दशकात विद्यापीठाच्या बोधचिन्हावर आली. एवढ्यानं मेलेली मुलं परत येत नाहीत आणि मरायला टेकलेली भाषा जगत नाही. डाकेल बोलणारी माणसं आज फार थोडी उरली आहेत, त्यातली बरीचशी वयस्कर. पण काही गोष्टी चिन्हापलीकडे गेल्या. नास नदीच्या खोऱ्यातल्या निस्गा लोकांनी १९९३ मध्ये स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ 'निस्गांचं ज्ञानघर'. ती या विद्यापीठाशी संलग्न आहे, पण चालवतात ते निस्गा लोकच. त्यांच्या भाषेचा अभ्यास करायचा तर त्यांच्या गावी जावं लागतं. दुसरं उदाहरण जंगलाचं. फोर्ट सेंट जेम्सजवळ हजारो हेक्टरचं एक संशोधन-जंगल विद्यापीठ आणि क्लाझ्तेन जमात १९९९ पासून भागीदारीत सांभाळतात. कोणतं झाड पाडायचं, कोणतं राखायचं, हे दोघं मिळून ठरवतात. आपल्याकडे जंगलात राहणाऱ्याला आणि जंगलाचा अभ्यास करणाऱ्याला एका टेबलाशी बसवणं किती अवघड आहे, ते सातपुड्यात हिंडलेल्या कोणालाही विचारा.

डॉक्टरांचा प्रश्न मात्र विद्यापीठ आलं तरी सुटला नव्हता. २००० सालच्या जूनमध्ये प्रिन्स जॉर्जमध्ये डॉक्टरांची टंचाई इतकी झाली, की आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये सभा भरली आणि सुमारे सात हजार माणसं जमली. त्या वेळच्या प्रिन्स जॉर्जची वस्ती सत्तर-पंच्याहत्तर हजार, म्हणजे दहातलं एक माणूस सभेला आलं. रागाच्या सभा आपणही पुष्कळ पाहतो. ठराव होतो आणि माणसं घरी जातात. इथं त्या रागातून एक योजना निघाली, की डॉक्टर बाहेरून बोलावण्यापेक्षा इथंच शिकवा. चार्ल्स जेगो तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. एवढ्या लहान विद्यापीठाला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय झेपणारं नव्हतं. म्हणून व्हँकूवरच्या मोठ्या विद्यापीठाशी करार झाला. पदवी त्यांची. पहिलं सत्र विद्यार्थ्यांनी व्हँकूवरला करायचं आणि मग उत्तरेत यायचं. १९८८ मध्ये जी तडजोड नको म्हटली, तीच २००० नंतर चालली, कारण आता बोलणी करायला स्वतःचं घर होतं. २००४ मध्ये २४ विद्यार्थ्यांनी सुरुवात झाली, पहिली तुकडी २००८ मध्ये बाहेर पडली. प्रवेश देताना गुणांच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघतात: हा मुलगा किंवा ही मुलगी लहान गावात राहिलेली आहे का, पुढं राहील का. उत्तरेतल्या गावोगावच्या नगरपालिकांनी या मुलांसाठी एक निधी उभारला. पाच डॉलरची सवय अजून मोडली नव्हती.

सगळं गोड नाही. विद्यापीठ प्रिन्स जॉर्जला गेलं याचं शल्य इतर गावांना राहिलंच. टेरेस, फोर्ट सेंट जॉन, क्वेनेल इथं लहान केंद्रं आहेत, पण मुख्य टेकडी ती टेकडीच. विद्यार्थी थोडे, चार हजारांच्या आतबाहेर, त्यामुळं पैशाची ओढाताण कायमची. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये प्राध्यापकांनी संप केला. लहान विद्यापीठात एक विषय बंद झाला तर तो साऱ्या मुलखातून बंद होतो, ही भीती तिथल्या प्राध्यापकांना नेहमी असते, आणि ती खोटी नाही.

आणि जंगल? ज्या झाडांवरून टोमणा मारला गेला, ती झाडंच गेली. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून पाइनच्या सालीखाली शिरणाऱ्या एका लहानशा भुंगेऱ्यानं ब्रिटिश कोलंबियात धुमाकूळ घातला. पूर्वी कडक हिवाळ्यात त्याच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य होत गेले आणि त्या वाचू लागल्या. सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला झळ पोचली, विकण्याजोगं निम्म्याहून अधिक पाइन मेलं. मेलेलं लाकूड खराब व्हायच्या आत तोडून घेतलं, म्हणून काही वर्षं गिरण्या जोरात चालल्या. मग लाकूड संपत आलं. १९६६ साली सुरू झालेल्या लगदा गिरणीतलं लगद्याचं काम २०२३ मध्ये बंद झालं. २०१७ च्या जुलैमध्ये दक्षिणेकडच्या जंगलांना आगी लागल्या तेव्हा सुमारे दहा हजार माणसं घरंदारं सोडून प्रिन्स जॉर्जला आली. त्यांतल्या कित्येकांचे अंथरूण-पांघरूण विद्यापीठाच्या इमारतींत पडले होते. त्याच टेकडीवर २०११ पासून एक यंत्र आहे. ते सॉ मिलमधल्या साली आणि भुसा घेतं, त्यांचा वायू करतं आणि त्यावर इमारती गरम ठेवतं. गिरण्या कमी झाल्या तर भुसा कुठून आणायचा, हा आता तिथल्या हिशेबाचा भाग आहे.

आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. असोद्यात जन्मलेल्या, अक्षर न लिहिता येणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला! बहिणाबाईंची गाणी घरच्यांनी ऐकून लिहून ठेवली, म्हणून राहिली. पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. नामांतराची बातमी वाचली त्या दिवशी मला ते तीन डाकेल शब्द आठवले. तेही कुणा आजीनं जात्यावर नाही, पण चुलीशी बसूनच म्हटलेले असणार.

प्रिन्स जॉर्जच्या नदीकाठी, १९१३ साली जिथं गाव जाळलं तिथं, एक बाग आहे. ती पूर्वी फोर्ट जॉर्ज पार्क म्हणून ओळखली जाई. २०१५ मध्ये नगरपालिकेनं तिचं नाव बदललं. आता ती क्लेटली तेने मेमोरियल पार्क आहे. त्यांचं जुनं दफनस्थान तिथंच, कुंपणाच्या आत आहे.